कायदा आणि आंतरराष्ट्रीय संबंध एकत्र शिकायचे असतील तर

कायदा आणि आंतरराष्ट्रीय संबंध (पुढे नुसतं 'आयआर' म्हणू) अशी जोडपदवी घेणाऱ्यांना प्रवेशाच्या वेळी हमखास सांगितलं जातं की हे विषय एकमेकांना पूरक आहेत. आहेतच. पण पहिल्या वर्षी मार्क जातात तेही याच समजुतीपायी. दोन्ही वर्गांत तेच देश, तेच करार, तीच युद्धं येतात, त्यामुळे एका वर्गातलं उत्तर दुसऱ्या वर्गाच्या पेपरात सहज उतरतं. कायद्याच्या पेपरात 'बलाढ्य देश ऐकणारच नाहीत, मग या कलमाला अर्थ काय' असं लिहिलं की मार्क गेले, कारण विचारलं होतं कलम लागू होतं का. आयआरच्या निबंधात 'हे संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम २(४)चं (बळाच्या वापरावरची बंदी) उल्लंघन आहे' एवढ्यावर थांबलं तर तिथेही गेले, कारण विचारलं होतं त्या देशाने तसं का केलं. दोन विषय प्रश्न निवडताना एकत्र आणावेत, परिच्छेद लिहिताना नाही. या लेखातलं बाकी सगळं थोडंफार याच मुद्द्याभोवती आहे.

कायद्याच्या परीक्षेत हमखास येणारा काल्पनिक प्रसंग घ्या. 'अ' देशाच्या तटरक्षक दलाने किनाऱ्यापासून १५० सागरी मैलांवर 'ब' देशाची मासेमारी बोट अडवली, बोटीवर चढून तपासणी केली, खलाशांना अटक केली आणि न्यायालयाने त्यांना तीन महिन्यांची कैद ठोठावली. चर्चा करा.

इथे पहिलं वाक्य अंतरावर हवं, सार्वभौमत्वावर नको. १९८२च्या सागरी कायदा कराराप्रमाणे प्रादेशिक समुद्र १२ सागरी मैलांपर्यंत, संलग्न क्षेत्र २४ पर्यंत आणि अनन्य आर्थिक क्षेत्र २०० पर्यंत. म्हणजे 'अ'ने असं क्षेत्र जाहीर केलेलं असेल, तर १५० मैल त्यात येतात. मग कलम ५६: तिथल्या माशांवर 'अ'चे हक्क आहेत. मग कलम ७३: ते हक्क राखण्यासाठी बोटीवर चढणं, तपासणं, अटक करणं, खटला भरणं, सगळं चालतं. पण याच कलमाचा दुसरा भाग म्हणतो की वाजवी जामीन मिळाला की बोट आणि खलाशी लगेच सोडायचे, आणि तिसरा भाग म्हणतो की संबंधित देशांत वेगळा करार नसेल तर मासेमारीच्या नियमभंगासाठी कैदेची शिक्षा देता येत नाही. म्हणजे अटक बरोबर, कैद चूक. बरेच विद्यार्थी ७३ पर्यंत नीट पोचतात, पहिला भाग लिहितात आणि पान उलटतात. तिथेच अर्धे मार्क राहतात.

पुढे उरतात त्या वस्तुस्थितीतल्या फटी. बोट खरंच मासे पकडत होती की नुसती जात होती? नुसती जात असेल तर कलम ५८ने तिला नौकानयनाचं स्वातंत्र्य आहे आणि अटकेचा पायाच ढासळतो. अडवताना गोळीबार झाला का? झाला असेल तर सागरी कायद्याच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाचा 'सायगा' खटल्यातला १९९९चा निकाल आठवायला हवा: बळाचा वापर शक्यतो टाळायचा, आणि टळत नसेल तर गरजेपुरता. दोन्ही देश करारात आहेत का? नसतील तर तोच नियम रूढीने (देशांच्या सर्वसाधारण, बंधनकारक मानलेल्या वागण्यातून बनलेल्या अलिखित कायद्याने) लागू होतो का, हे वेगळं दाखवावं लागतं. प्रश्नात जी माहिती दिलेली नाही तिच्याबद्दल 'असं असेल तर हे, तसं असेल तर ते' असं लिहायचं. गृहीत धरायचं नाही.

आता तोच प्रसंग आयआरच्या टेबलावर ठेवा. कलम ७३ मध्ये काय आहे हे तिथे पार्श्वभूमीपुरतं. प्रश्न असे: 'अ'ने नौदल न पाठवता तटरक्षक दल का पाठवलं? (बहुधा याला पोलिसी कारवाईचं रूप देऊन प्रकरण चिघळू न देण्यासाठी.) 'ब'ने फक्त निषेध-खलिता दिला, न्यायाधिकरणात का गेला नाही? मागे अशाच बोटी सोडून दिल्या होत्या, मग या वेळी कैद का? उत्तरात एखादं कारण पुढे करायचं, त्याला स्पर्धक असलेलं दुसरं कारण घ्यायचं, आणि कुठला पुरावा सापडला तर कुठलं कारण टिकेल ते सांगायचं. कायद्यात वस्तुस्थिती हातात असते आणि नियम शोधायचा असतो. आयआरमध्ये घटना हातात असते आणि तिच्यामागची वस्तुस्थिती शोधायची असते.

निकारागुआ: दोनदा वाचायचा निकाल

दोन्ही वर्गांत नेमला जाणारा निकाल म्हणजे निकारागुआ विरुद्ध अमेरिका, आंतरराष्ट्रीय न्यायालय, २७ जून १९८६. वाद होता अमेरिकेने निकारागुआतल्या कॉन्ट्रा बंडखोरांना दिलेल्या मदतीचा आणि तिथल्या बंदरांत पेरलेल्या सुरुंगांचा. २९२ परिच्छेद आहेत. पहिल्या पानापासून सरळ वाचत गेलात तर शंभराव्या परिच्छेदापर्यंत दम निघतो, आणि तोवर मूळ वादाचा पत्ता नसतो.

आधी शेवटचा परिच्छेद वाचा. २९२मध्ये न्यायालयाने काय ठरवलं ते मुद्देवार दिलंय, आणि प्रत्येक मुद्द्यापुढे मतांची संख्या आहे. अमेरिकेचा सामूहिक स्वसंरक्षणाचा (हल्ला झालेल्या दुसऱ्या देशाच्या मदतीला गेल्याचा) बचाव १२ विरुद्ध ३ मतांनी फेटाळला गेला, हे तिथेच कळतं. मग अधिकारक्षेत्राचा भाग. अमेरिकेने न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य करताना बहुपक्षीय करारांखालचे वाद वगळणारी अट घातली होती. त्यामुळे न्यायालयाला संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर थेट बोट ठेवता येईना, म्हणून निकाल रूढी कायद्यावर आणि दोन देशांतल्या १९५६च्या मैत्री करारावर उभा राहिला. हे कळल्याशिवाय निकालात रूढीचा एवढा खल का चाललाय ते कळत नाही, आणि शिकवतानाही हा दुवा बऱ्याचदा घाईत सुटतो.

त्यानंतर परिच्छेद १८६. हा सावकाश वाचा. न्यायालय म्हणतं की रूढी सिद्ध व्हायला सगळ्या देशांचं वागणं तंतोतंत नियमाप्रमाणे असण्याची गरज नाही. वागणं सर्वसाधारणपणे नियमाला धरून असावं आणि त्याविरुद्धचं वागणं नियमभंग म्हणून गणलं गेलेलं असावं. आणि एखादा देश नियम मोडून वर त्याच नियमातल्या अपवादाचा आधार घेत असेल, तर त्याने नियम कमकुवत होत नाही, उलट पक्का होतो.

कायद्याच्या वर्गात हा परिच्छेद रूढीच्या पुराव्याबद्दल आहे. आयआरच्या वर्गात तोच परिच्छेद वेगळ्या वादात पडतो. वास्तववादी (देश सत्ता आणि स्वार्थ पाहूनच वागतात असं मानणारा) म्हणेल, देश समर्थन देतात ते दिखाव्यासाठी, त्यावरून काही सिद्ध होत नाही. रचनावादी (नियम आणि समजुती देशांचं वागणं घडवतात असं मानणारा) विचारेल, दिखाव्याची तरी गरज का पडते? ज्या नियमाला कुणीच जुमानत नाही त्यातल्या अपवादाचा आडोसा कोण घेईल? दोन्ही वाचनं तुमच्या वहीत हवीत, पण वेगवेगळ्या पानांवर.

निकालानंतरचं मात्र कायद्याच्या पाठ्यक्रमात दोन ओळींत संपतं. अमेरिकेने जानेवारी १९८५ मध्येच खटल्यातून अंग काढून घेतलं होतं. निकाल पाळण्याचं आवाहन करणारा ठराव ऑक्टोबर १९८६ मध्ये सुरक्षा परिषदेत आला, ११ देशांनी बाजूने मत दिलं, तिघे तटस्थ राहिले आणि अमेरिकेच्या व्हेटोने तो पडला. सनदेच्या कलम ९४प्रमाणे निकालाच्या अंमलबजावणीसाठी जायचं ठिकाण सुरक्षा परिषदच, आणि हरलेला पक्ष तिथला कायम सदस्य. १९९१मध्ये सरकार बदललेल्या निकारागुआने भरपाईचा दावा मागे घेतला.

भिन्नमतं वगळू नका. न्यायाधीश श्वेबेल यांचं लांबलचक भिन्नमत वस्तुस्थितीच्या तपशिलात शिरतं आणि बहुमताने काय बाजूला ठेवलं ते दाखवतं. मूट कोर्टात (विद्यार्थ्यांच्या सरावाच्या काल्पनिक खटल्यात) विरुद्ध बाजूने बोलायची वेळ आली की सामग्री तिथूनच निघते.

कागद वाचण्याची सवय

सुरक्षा परिषदेचा ठराव वाचताना क्रियापदाखाली रेघ मारा. 'ठरवते' आणि 'आवाहन करते' यांत बंधनकारकतेचा फरक असू शकतो. सनदेच्या सातव्या प्रकरणाखाली (शांतताभंगाविरुद्धच्या सक्तीच्या उपायांचं प्रकरण) कारवाई करत असल्याचा उल्लेख आहे का, तोही पाहायचा. बळाच्या वापराला परवानगी देताना परिषद 'सर्व आवश्यक मार्ग' किंवा 'सर्व आवश्यक उपाय' अशी भाषा वापरत आली आहे: १९९०च्या ठराव ६७८ मध्ये ती आहे. २००२च्या ठराव १४४१मध्ये ती नाही, तिथे इराकला 'गंभीर परिणामां'चा इशारा आहे. २००३च्या युद्धाच्या वैधतेवरचा बराचसा वाद या फरकातून निघतो. महासभेचे ठराव तर सामान्यतः शिफारशी असतात. ते रूढीचा पुरावा म्हणून वापरता येतात, पण 'महासभेने बंदी घातली' असं लिहिलं की परीक्षक तिथेच लाल पेन उचलतो.

आयआरसाठी ठरावापेक्षा त्या बैठकीचा शब्दशः वृत्तांत जास्त मोलाचा. लिबियावरचा २०११चा ठराव १९७३ दहा विरुद्ध शून्य मतांनी झाला. पाच देश तटस्थ राहिले: रशिया, चीन, जर्मनी, भारत आणि ब्राझील. मतदानानंतर या देशांनी दिलेली स्पष्टीकरणं वाचली की प्रत्येकाचं तटस्थ राहण्याचं कारण वेगळं होतं ते दिसतं. ठरावाच्या मजकुरात यातलं काहीच नाही. एकमेकांच्या बातम्या उद्धृत करणारे दहा लेख वाचण्यापेक्षा तो एक वृत्तांत वाचा, वेळही वाचतो.

करारांबाबत एक पायरी कधीही गाळू नका. कराराचं नाव लिहिण्याआधी संयुक्त राष्ट्रांच्या करारसंग्रहाच्या संकेतस्थळावर जाऊन तीन गोष्टी पाहा: करार अमलात कधी आला, तुमच्या देशाने नुसती सही केली की अनुसमर्थनही (कराराने बांधलं जाण्याची अंतिम संमती) केलं, आणि सोबत काही राखीव अट किंवा निवेदन जोडलंय का. रोम संविधीवर (आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय स्थापन करणारा करार) अमेरिकेने ३१ डिसेंबर २००० रोजी सही केली आणि २००२मध्ये आपला पक्षकार होण्याचा इरादा नसल्याचं कळवलं. सर्वंकष अणुचाचणी बंदी करार १९९६पासून सह्यांसाठी खुला आहे आणि अजून अमलात आलेला नाही, कारण त्याच्या परिशिष्टातल्या सर्व ४४ देशांचं अनुसमर्थन लागतं. दक्षिण चीन समुद्राच्या वादात चीनने २००६मध्ये केलेलं निवेदन वाचलं नाही, तर २०१६च्या लवादाने सीमा आखण्याचा विषय का टाळला हे समजणारच नाही. कुठलं बेट कुणाचं यावर त्याने अवाक्षर काढलं नाही ते मात्र सागरी कायदा करारात भूभागाच्या सार्वभौमत्वाचे वाद येतच नाहीत म्हणून. कुठला भूभाग बेट, कुठला नुसता खडक आणि त्यातून किती समुद्रावर हक्क निर्माण होतो, असे प्रश्न लवाद ठरवू शकत होता.

वेळ, पेपर आणि वकिलीची सनद

युरोपातल्या क्रेडिट पद्धतीत वर्षाला ६० क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटला २५ ते ३० तास धरतात. म्हणजे पाच क्रेडिटचा पेपर १२५ ते १५० तासांचा. त्यातली तासिकांची वेळ वजा केली तर उरलेलं सगळं वाचन आणि लेखन. कागदावर दोन्ही विषयांचे तास सारखे, पण पडतात वेगळे. कायदा दर आठवड्याला सारखा खातो: दोन-तीन निकाल, त्यांची टिपणं, ट्युटोरियलचा एखादा प्रश्न. एक आठवडा चुकला की पुढचा कळत नाही, कारण नियम एकावर एक रचलेले असतात. आयआर सुरुवातीला सैल वाटतं आणि सत्राच्या शेवटी दोन-तीन निबंध एकदम अंगावर येतात, नेमके कायद्याच्या लेखी परीक्षांच्या तोंडावर. म्हणून निबंधाचा प्रश्न आणि वाचनाची यादी सत्राच्या पहिल्या एक-तृतीयांश भागातच नक्की करून टाका. लिखाण नंतर झालं तरी चालतं, प्रश्न मात्र नंतर सुचत नाही.

पेपर निवडताना सगळ्यात महागात पडणारी गोष्ट म्हणजे नावात 'आंतरराष्ट्रीय' असलेलं सगळं उचलणं. पुढे वकिली करायची असेल तर ज्या देशात करायची तिथल्या नियामक संस्थेची अनिवार्य विषयांची यादी पहिल्या वर्षीच काढा: कॉन्ट्रॅक्ट, टॉर्ट (नुकसानभरपाईचा दिवाणी कायदा), फौजदारी, संविधान, मालमत्ता असे विषय त्यात सहसा असतात, काही ठिकाणी प्रक्रिया आणि पुरावा कायदाही. जोडपदवीत यातला एखादा विषय ऐच्छिक असतो किंवा वेळापत्रकात आयआरच्या पेपरशी टक्कर होते आणि शेवटच्या वर्षी कळतं की पदवी आहे पण वकिलीच्या सनदेला चालत नाही. दुसरं कारण सरळ अभ्यासाचं आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारी लवाद म्हणजे बहुतांशी कॉन्ट्रॅक्टचाच कायदा, आणि संविधान कायदा येत नसेल तर करार देशांतर्गत न्यायालयात लागू होतो का हा प्रश्नच हाताळता येत नाही. आयआरच्या बाजूने एक संशोधनपद्धतीचा पेपर घ्याच, शक्य असेल तर संख्याशास्त्राचा. कायद्याचे विद्यार्थी आकड्यांपासून पळतात आणि मग प्रबंधाच्या वेळी 'तीन उदाहरणं दिली म्हणजे सिद्ध झालं' असं समजतात.

फ्रेंच येत असेल तर उपयोग होतो, कारण आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या अधिकृत भाषा इंग्रजी आणि फ्रेंच आहेत. पण त्यासाठी कायद्याचा मुख्य पेपर सोडू नये.

लेखनाच्या यांत्रिक बाबी दोन वाक्यांत: कायद्यात तळटीप आणि नेमका परिच्छेद क्रमांक लागतो, आयआरमध्ये बहुधा लेखक-वर्ष पद्धत, तेव्हा झोटेरोसारख्या संदर्भ साठवण्याच्या साधनात दोन वेगळे संच ठेवून प्रत्येक निकालाच्या नोंदीत परिच्छेद वाचतानाच टिपा. आणि एकच निबंध किरकोळ बदल करून दोन्ही विभागांत देऊ नका, स्वतःचंच लिखाण असलं तरी तो गैरप्रकार धरला जातो आणि तपासणीची सॉफ्टवेअर ते सहज पकडतात.

सिद्धान्तांबद्दल एक तक्रार. आयआरचे निबंध बऱ्याचदा एक परिच्छेद वास्तववाद, एक उदारमतवाद (संस्था आणि सहकार्यावर भर देणारा), एक रचनावाद असे वाटून दिलेले असतात, मग प्रश्न कुठलाही असो. जागतिक व्यापार संघटनेचं अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून का बंद पडलंय, हा प्रश्न घ्या. एका अपिलासाठी तीन सदस्य लागतात. अमेरिकेने नव्या नेमणुका अडवून धरल्या आणि एकच सदस्य उरला. हरलेला देश आता अपील करून निकाल अधांतरी ठेवू शकतो. इथे तीन सिद्धान्तांची हजेरी घेण्यापेक्षा एक नेमका प्रश्न घेतला तर निबंध उभा राहतो: नेमणुकांना सर्वसहमती लागते हा नियम बनवताना सगळ्यांनी मान्य का केला, आणि त्यानेच यंत्रणा कशी अडकली? नियम कायद्याच्या वर्गातून येतो, अडकण्याचं कारण आयआरच्या. असे विषय शोधावेत.

मूट कोर्ट आणि मॉडेल यूएन (संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीची विद्यार्थ्यांनी केलेली नक्कल) यांत वेळ एकाच गोष्टीसाठी असेल तर मूट निवडा. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या जेसप मूट स्पर्धेत एकाच प्रश्नावर दोन्ही बाजूंची लेखी निवेदनं तयार करावी लागतात आणि न्यायाधीश मध्येच तोडून प्रश्न विचारतात. शोध, मांडणी, तळटीपा, सगळ्याची घासूनपुसून तयारी होते. मॉडेल यूएनमधून वाटाघाटीची आणि मसुद्याची चुणूक मिळते, पण ती दोन दिवसांत मिळते. पुन्हापुन्हा जाण्याची गरज नाही.

प्रबंध

इथे मात्र दोन विषय खरोखर एकत्र येतात. चांगल्या प्रश्नाचा एक नमुना: सीमावादात हरलेले देश आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल कधी पाळतात? लिबिया-चाड वादात न्यायालयाने ३ फेब्रुवारी १९९४ रोजी औझू पट्टा चाडचा ठरवला आणि मेअखेर लिबियाचं सैन्य तिथून निघालं, संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांसमोर. कॅमेरून-नायजेरिया वादात बाकासी द्वीपकल्प कॅमेरूनचं ठरवणारा निकाल १० ऑक्टोबर २००२चा. माघारीच्या अटी ग्रीनट्री करारात ठरल्या जून २००६मध्ये आणि हस्तांतरण पूर्ण झालं ऑगस्ट २००८मध्ये. एकाला चार महिने, दुसऱ्याला जवळजवळ सहा वर्षं.

आयआरचा विद्यार्थी इथे लगेच तेल, लष्करी बळ, नेतृत्व यांकडे वळतो. कायद्याचा विद्यार्थी आधी विचारेल, खटला न्यायालयात आला कसा? लिबिया आणि चाड यांनी १९८९च्या करारातून वाद आपणहून न्यायालयाकडे नेला. कॅमेरूनने १९९४मध्ये एकतर्फी अर्ज केला आणि नायजेरियाने अधिकारक्षेत्रालाच हरकत घेतली. म्हणजे अधिकारक्षेत्राचा आधार हाच स्पष्टीकरणातला एक घटक असू शकतो. पण पुढची अडचण ओळखायला पुन्हा आयआरची पद्धत लागते: जे देश आपणहून वाद न्यायालयात नेतात ते कदाचित आधीच तडजोडीला तयार असतात, आणि तसं असेल तर पालनाचं श्रेय न्यायालयाला देणं चूक ठरेल. यावर उपाय म्हणजे निकालाआधीची वागणूक तपासणं. सैन्याच्या हालचाली, चर्चेचे प्रस्ताव, नेत्यांची विधानं. आणि निकाल न पाळलेली प्रकरणंही निवडीत घेणं. फक्त यशस्वी उदाहरणं निवडली तर निष्कर्ष आधीच ठरलेला असतो.

व्याप्ती दोन किंवा तीन खटल्यांपुरती ठेवा. प्रत्येक खटल्याचे निकाल, भिन्नमतं, लेखी निवेदनं आणि नंतरची सुरक्षा परिषदेची कागदपत्रं मिळून हजारो पानं होतात. दोन मार्गदर्शक असतील तर पहिल्याच बैठकीला दोघांना एकत्र बसवा आणि संशोधनप्रश्न, पद्धत आणि संदर्भशैली या तीन गोष्टी लेखी ठरवून घ्या. नाहीतर कायद्याचे मार्गदर्शक पद्धतीचं प्रकरण काढायला सांगतात, आयआरचे ते वाढवायला सांगतात, आणि मसुदा दोघांच्या मध्ये फिरत राहतो. मतभेद झालाच तर ज्या विभागात प्रबंध नोंदवलाय त्याचे मूल्यमापनाचे निकष पुढे ठेवून बोला.